एक नंबर मागे असतो

गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती अकरा वर्षं एका जागी उभी होती. जॅग्वार ई-टाइप, ४.२ लिटरची, छपरवाली कूपे. सोबत एक रेक्झिनची पिशवी आली. त्यात जुने सुटे भाग होते, पानांना ऑइल लागलेलं वर्कशॉप मॅन्युअल होतं आणि एक वही होती. वही आधी कुणीतरी काम केलं त्याची. अक्षर नेटकं, पण कामाच्या नोंदी एवढ्याच: 'टॅपेट केले.' 'प्लगच्या वायरींना नंबर घातले.' 'मागचे ब्रेक पाहिले.'

ती वही सुरुवातीला मला मोठा आधार वाटली. पुढचे चौदा महिने मी त्या तीन ओळींचा अर्थ लावत होते.

अशी गाडी हाताशी आली की सेल्फ मारून पाहायची फार ऊर्मी होते. मी मारला नाही. अकरा वर्षांत सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल ओघळून गेलेलं असतं, कॅमशाफ्ट कोरडे पडलेले असतात, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राप झालेला असतो. त्यात ही साधी गाडी नाही. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा तिची ओळखच ताशी दीडशे मैलांची गाडी अशी होती. म्हणजे जवळजवळ २४० किलोमीटर. एवढं पळणारी वस्तू आधी थांबली पाहिजे. म्हणून मी पुढचं लांबलचक बॉनेट मिटूनच ठेवलं आणि मागच्या चाकांपासून सुरुवात केली.

चाकं तारांची, प्रत्येकी ७२ स्पोक. मधला कानवाला नट तांब्याच्या हातोडीने ठोकून सोडवायचा, आणि गाडीच्या उजव्या बाजूचे आटे उलटे असतात हे विसरायचं नाही. चाक काढलं की मी प्रत्येक तारेवर पान्याने हलकी टिचकी मारते. घट्ट तार वाजते, सैल तार नुसती ठक् करते. चार चाकांत मिळून नऊ तारा ठक् करणाऱ्या निघाल्या. आतल्या खाचा साफ करून ग्रीस लावलं. हे काम इथेच संपलं.

खरं काम त्याच्या आत होतं. बहुतेक गाड्यांत ब्रेकची डिस्क चाकाला लागून असते. ई-टाइपमध्ये मागच्या डिस्क चाकांपाशी नाहीतच. त्या आत, डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीच्या, दोन्ही कुशींना चिकटून बसवल्या आहेत. हेतू चांगला आहे. ब्रेकचं वजन चाकाबरोबर वर-खाली उसळत नाही, स्प्रिंगखालचा भार कमी होतो आणि खडबडीत रस्त्यावरही चाक जमीन सोडत नाही. डिस्क ब्रेकचं या कंपनीला जुनं प्रेम आहे. १९५३ साली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत त्यांच्या सी-टाइपने जिंकली, त्यात डिस्क ब्रेकचा मोठा वाटा होता. पण आत बसवलेल्या डिस्कपर्यंत मेकॅनिकचा हात पोचायचा कसा? पॅड बदलणं खालून झोपून कसंबसं जमतं. डिस्क किंवा ऑइल सील बदलायचं तर मागचा अख्खा संच खाली उतरवावा लागतो: डिफरन्शियल, दोन्ही बाजूंचे हाफ शाफ्ट, चार स्प्रिंगा, चार शॉक अॅब्सॉर्बर, सगळं एका पत्र्याच्या पिंजऱ्यात बसलेलं.

मी आधी टॉर्च घेऊन खाली गेले. उजव्या डिस्कवर ओलसर चमक होती. बोट फिरवलं, नाकाशी नेलं. गिअर ऑइलचा तो उग्र, गंधकासारखा वास एकदा ओळखीचा झाला की चुकत नाही. ब्रेकच्या डिस्कवर गिअर ऑइल. वहीत नोंद होती, 'पाहिले'.

पिंजरा उतरवायला दोन माणसं लागतात. माझ्या मदतीला एक फिटर काका येत असत. आयुष्यभर इंजिनं खोललेला माणूस, निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसत नाहीत असा. गाडी चांगली उंच उचलून स्टँडवर ठेवली, एक्झॉस्ट सोडवला, प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट काढले, ब्रेकची नळी, हॅंडब्रेकची केबल, अँटी-रोल बारच्या दांड्या आणि दोन्ही रेडियस आर्म सोडवले. मग पिंजऱ्याला बॉडीशी धरून ठेवणारे व्ही आकाराचे चार रबरी माउंटिंग तेवढे उरले. खाली ट्रॉली जॅक, त्यावर जाड फळी. काका म्हणाले, "घाई नको गं. तू जॅक सोड, मी बघतो कुठे अडतंय ते." बोटभर खाली, थांबायचं, चारी बाजूंनी बघायचं, पुन्हा बोटभर. अर्ध्या तासाने तो संच जमिनीवर आला आणि मला पहिल्यांदा सगळं उभ्याने बघता आलं.

उजव्या बाजूचं ऑइल सील दगडासारखं कडक झालेलं होतं. रबराची ओठासारखी कड शाफ्टवर घट्ट बसायला हवी, ती नखाने मोडली. वय झालं की रबराचं असं होतंच. पण काकांनी आणखी एक जागा दाखवली, डिफरन्शियलचा ब्रीदर. बोटाच्या पेराएवढी वस्तू. आतलं ऑइल तापलं की हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. आमचा ब्रीदर चिखल आणि जुन्या रंगाने गच्च बुजलेला. मग हवा वाट शोधते ती सीलमधून आणि जाताना ऑइलही घेऊन जाते. आम्ही नुसतं सील बदललं असतं तर नवं सीलही काही महिन्यांत गळायला लागलं असतं. गळती कुठून होतेय हे शोधण्याइतकंच का होतेय हे शोधणं मला तेव्हापासून महत्त्वाचं वाटतं.

डाव्या बाजूला ऑइल नव्हतं, पण तिथे जे दिसलं त्याने मी काही वेळ खालीच बसून राहिले. मागचं कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, डिफरन्शियलला दोन बोल्टांनी धरलेलं असतं. थरथरीने ते सुटू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांना भोकं असतात आणि त्यांतून पिळलेली लॉकवायर ओवलेली असते. आमच्या डाव्या कॅलिपरला वायरच नव्हती. भोकं कोरी. एक बोल्ट हाताच्या जोराने फिरला. म्हणजे कुणीतरी ते कॅलिपर खोललं होतं, परत बसवलं होतं आणि वायर ओवायची राहून गेली होती. त्या माणसावर मी रागावले, खूप रागावले. मग वाटलं, त्याला कदाचित मध्येच कुणी हाक मारली असेल. वहीत 'डावं कॅलिपर काढलं' एवढे तीन शब्द असते तर मी पहिल्याच दिवशी तिथे बघितलं असतं.

ऑइल प्यायलेले पॅड धुवून, तापवून पुन्हा वापरता येतात असं सांगणारे लोक भेटतात. येत नाहीत. ऑइल आत मुरलेलं असतं, पॅड तापला की पुन्हा वर येतं. ते फेकले. डिस्क दहा इंचांच्या. मायक्रोमीटरने जाडी मोजली, डायल गेज लावून डगमग पाहिली, दोन्ही वापरण्याजोग्या निघाल्या. कॅलिपरचे पिस्टन मात्र गंजून रुतलेले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि अकरा वर्षांत शोषलेला ओलावा आतून गंज चढवतो. गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं ते यासाठी. लाकडाचा ठोकळा आडवा धरून हवेच्या दाबाने पिस्टन बाहेर काढले. बोअर साफ निघाले, म्हणून नवे स्टेनलेस स्टीलचे पिस्टन आणि नवी सीलं घातली. सीलं बसवताना फक्त स्वच्छ ब्रेक ऑइल वापरायचं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

हाफ शाफ्ट आणि डिस्क यांच्यामध्ये पातळ शिम असतात. चाक किती कललेलं राहील ते त्यांच्या संख्येवर ठरतं. उजवीकडच्या आणि डावीकडच्या शिम मी वेगवेगळ्या तारेत ओवून चिठ्ठ्या बांधल्या. सगळं परत बसवल्यावर लॉकवायर मी स्वतः ओवली. वायर अशी ओढायची की बोल्ट सुटायला गेला तर तीच त्याला घट्ट होण्याच्या दिशेने खेचेल. पहिल्या दोन वेळा पीळ सैल पडला. कापून पुन्हा केलं. तिसऱ्यांदा काकांनी नखाने तार छेडली आणि नुसती मान हलवली.

नंतर इंजिन. एक्सके नावाचं हे सहा सिलिंडरचं, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्टचं इंजिन १९४८ साली आलं आणि त्याच घराण्याने ल मॉं पाच वेळा जिंकून दिली. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. मग पुढच्या नटाला पाना लावून हाताने फिरवलं. पहिला पाव फेरा जड गेला, मग फिरलं. प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ दिला, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. काटा उठला तेव्हा माझ्या घशात आवंढा आला होता हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या, कारण आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं. नंतर किल्ली फिरवून फक्त पंप ऐकायचा. मागून टिक-टिक-टिक येते, कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की ती थांबते. थांबली नाही तर कुठेतरी गळतंय किंवा एखादी नीडल बसत नाहीये. आमची टिक-टिक थांबली. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना पाळीने करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप तडकलेली होती म्हणून नवी बसवली, प्लगच्या वायरीही नव्या. जुन्या वायरींवर पांढऱ्या रंगाने एक ते सहा आकडे काढलेले होते. एक सर्वांत पुढे, रेडिएटरकडे, सहा सर्वांत मागे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, मॅन्युअलमध्ये स्वच्छ छापलेली, १-५-३-६-२-४. कॅपवर एक नंबरचं भोक कुठलं तेही चित्रात होतं. मी वायरी लावल्या आणि सेल्फ दिला.

सुरू होणं दूरच, इंजिन कार्ब्युरेटरमधून उलटं शिंकलं. पुन्हा दिला, पुन्हा शिंक. ठिणगी होती, पेट्रोल होतं, पॉइंटचा गॅप १५ थाउ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, बरोबर होता. तीन संध्याकाळी मी वायरी एकेक करून तपासल्या. क्रम चुकलेला नव्हता.

चौथ्या संध्याकाळी काका आले. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. "आकडे राहू देत. प्लग काढ सगळे, पुढच्या भोकावर बोट लाव." ते पान्याने इंजिन फिरवत होते. एका जागी आतून दाब आला आणि बोट उचललं गेलं. पुढचं सिलिंडर कॉम्प्रेशनवर. "आता रोटर बघ कुठे आहे." मी कॅप उचलली. रोटर, म्हणजे कॅपखाली फिरत एकेका वायरीला करंट देणारा हात, मॅन्युअलच्या सहा नंबरकडे तोंड करून उभा होता.

मॅन्युअलचं ते पान मी पुन्हा वाचलं, यावेळी छोट्या अक्षरांसकट. या इंजिनात एक नंबरचं सिलिंडर मागे असतं, गिअरबॉक्सकडे. मोजणी मागून पुढे. वहीवाल्याने ती पुढून केली होती, जशी इतर बहुतेक गाड्यांत करतात. आणि यातली मेख अशी की १-५-३-६-२-४ हा क्रम पुढून मोजा की मागून, तोच राहतो. म्हणून क्रम तपासून चूक कधीच सापडली नसती. एक आणि सहाचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, पण एक कॉम्प्रेशनवर असताना दुसरा एक्झॉस्ट बाहेर टाकत असतो. माझ्या प्रत्येक वायरीची ठिणगी बरोबर एक फेरा चुकून पडत होती. त्याच्या वायरी त्याच्या हिशेबाने बरोबर होत्या, गाडी त्यांवर चाललीही होती. मी त्याचे आकडे घेतले आणि मॅन्युअलचं चित्र घेतलं, आणि दोन्हींची मोजणी एकच असेल असं धरून चालले.

सहाही वायरी कॅपवर समोरासमोर अदलाबदल केल्या. सेल्फ दिला. दुसऱ्या फेऱ्यात इंजिन पेटलं.

चालू झालं, पण सुरात नव्हतं. स्लोवर मिसिंग, वर गेलं की पिकअप अडखळत. सगळ्यांचा हात अशा वेळी कार्ब्युरेटरकडे जातो. माझाही जात होता. काकांचं ठाम मत की टॅपेट आणि करंट नीट झाल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावायचा नाही. आता माझंही तेच मत आहे. आतला दोष बाहेरून झाकायला गेलं की दोन दोष होतात.

टॅपेट या इंजिनात स्क्रूने होत नाहीत. वाटीसारख्या टॅपेटखाली, व्हॉल्व्हच्या डोक्यावर, बटणाएवढी पोलादी चकती असते. तिच्यावर इंग्रजी अक्षर कोरलेलं. ए म्हणजे ८५ थाउ जाडी, पुढे प्रत्येक अक्षराला एक थाउ वाढत झेड म्हणजे ११०. थंड इंजिनावर इनलेटचा क्लिअरन्स, म्हणजे कॅम आणि टॅपेटमधली फट, चार थाउ हवा, एक्झॉस्टचा सहा. बारा व्हॉल्व्ह मोजले. एक इनलेट सात भरला, आवाज त्याचाच होता. पण दोन एक्झॉस्ट तीनवर होते, आणि ते गप्प होते. काळजी त्यांची. घट्ट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही, त्याची उष्णता सीटला जात नाही, आणि एक दिवस त्याची कड जळते. 'टॅपेट केले' ही ओळ लिहिताना त्याने काय मोजलं होतं, काही कळायला मार्ग नव्हता.

चकती बदलायला कॅमशाफ्ट काढावाच लागतो. एका वेळी एकच काढायचा आणि तो बाहेर असताना इंजिन केसभरही फिरवायचं नाही, नाहीतर व्हॉल्व्ह आपटतात. सातवाल्या इनलेटखाली डी निघाली. तीन थाउ जास्त, म्हणून तीन अक्षरं पुढे, जी घातली. तीनवाल्या एका एक्झॉस्टखाली एम होती, तिथे तीन अक्षरं मागे, जे. शेवटी पुढचा, म्हणजे सहा नंबरचा पिस्टन बरोबर वर आणून कॅमच्या खाचेत सेटिंग गेजची पट्टी बसवली आणि टायमिंग जुळवलं. पट्टी खाचेत न अडखळता सरकली तेव्हाच चेनच्या चाकाचे बोल्ट घट्ट केले. हे काम सलग दोन दिवस चाललं आणि दोन्ही दिवस मी कुणाशी नीट बोललेही नसेन.

कार्ब्युरेटर आता कुठे उघडले. दोन इंची, एसयू कंपनीचे तीन. रबराच्या नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या घशाशी. हवेचा फुसफुस आवाज तिन्हींचा एका पट्टीत येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवायचे. पहिल्याचा आवाज खर्जात होता, तिसरा वर चढलेला. पट्टी जुळल्यावर मिश्रण. कार्ब्युरेटरमधला पिस्टन खालच्या पिनेने जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, लगेच पडला तर कमी. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आला की बरोबर. एकाला हात लावला की शेजारच्याचं थोडं बदलतं, म्हणून तीन-चार फेऱ्या होतातच. या कामाला यंत्रं मिळतात, पण नळीने कान जो तयार होतो तो पुढे रस्त्यावर उपयोगी पडतो.

ऑइल २०डब्ल्यू-५०, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं. कॅम टॅपेटवर घासत फिरतो अशा जुन्या इंजिनांना ते लागतं. नव्या गाड्यांची पातळ ऑइलं इथे चालत नाहीत.

पहिल्या फेरीत मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर पन्नासवरून वीसवर, पुन्हा पन्नास, पुन्हा वीस, नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत. काका शेजारी, खिडकीबाहेर डोकं काढून मागचा वास घेत होते. विसाव्या ब्रेकला गाडी नाक किंचित खाली करून सरळ रेषेत थांबली, उजवीकडे ना डावीकडे. "आता सोड तिला," ते म्हणाले. मी पाय दाबला. तीन हजारांच्या वर त्या इंजिनचा आवाज घोगरा राहत नाही, मोकळा होतो आणि पाठ सीटला टेकते. ऑइल प्रेशर चाळीस पौंडांवर स्थिर होतं. मी त्या काट्याकडेच बघत होते, वेगाच्या काट्याकडे नाही.

परतल्यावर डिफरन्शियलखाली कोरा पांढरा कागद पसरला. सकाळी उचलला, तो पांढराच होता.

पाचशे किलोमीटर झाल्यावर कॅम कव्हर पुन्हा उघडले, बारा व्हॉल्व्ह पुन्हा मोजले आणि त्याच जुन्या वहीत त्याच्या शेवटच्या ओळीखाली लिहायला बसले. तारीख, किलोमीटर, प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा, प्रत्येक चकतीचं अक्षर. मागचे ब्रेक: पॅड नवे, पिस्टन नवे, उजवं सील नवं, ब्रीदर साफ, दोन्ही कॅलिपरना लॉकवायर ओवली. वायरींवर नवे आकडे. आणि सगळ्यांत खाली: 'तीन नंबरचा एक्झॉस्ट पाच थाउ आहे, सहा हवा. पुढच्या वेळी हा आधी बघणे. तीन म्हणजे मागून तिसरा.'